इतर परिस्थिती कायम असता

सिआयाच्या लाल रस्त्याची उजवी बाजू निवडली गेली.
डावी राहिली तुलनेला.
चिठ्ठ्या कुणी टाकल्या नाहीत, कुणी उचलल्या नाहीत.
दूर कुठल्या थंड शहरात
यंत्राने नाणं उडवलं
आणि दोरिनाच्या फोनवर पैसे आले,
सालिनेच्या फोनवर
नेहमीची रिचार्जची जाहिरात.

मी ओडेरा. विचारणारा.
तीनशे बारा प्रश्न, दर सहा महिन्यांनी,
टॅबलेट मांडीवर, आवाज सपाट.
प्रशिक्षणात बजावलेलं : हसू नका, हळहळू नका,
उत्तराला कुठल्याच बाजूला कलंडू देऊ नका.
सालिने अबुतो, घर क्रमांक एकशे सात,
नियंत्रण गट.

गेल्या सात दिवसांत मासे किती वेळा खाल्ले?
'मोठे मासे, की ओमेना?'
दोन्ही एकच धरायचे आहेत.
'धर. चुलीला फरक कळतो, तुझ्या पाटीला कळत नाही.'

हजार शिलिंग आज घ्याल, की दीड हजार महिन्यानंतर?
ती माझ्याकडे बघते,
काटा मारणाऱ्या वाण्याकडे बघावं तशी.
'महिन्यानंतर देणार कोण? तू?
माझा नवरासुद्धा मोम्बासाला जाताना
महिन्याचंच बोलला होता.'
मी नोंदवतो : आज.
पुढे कुठल्यातरी तक्त्यात
तिच्या क्रमांकापुढे एकच शब्द उतरेल : अधीर.
अधीर! ही बाई
जमिनीच्या एका कागदासाठी
अकरा वर्षं बोंडोच्या कचेरीतला बाक झिजवते आहे.

एकदा किसुमूच्या हॉटेलात चर्चासत्र होतं,
मला बसवलं होतं मागे, चहाच्या किटलीजवळ.
एक गृहस्थ म्हणाले, माणूस आपलं समाधान वाढवत नेतो,
एवढं गृहीत धरा, बाकी समीकरण चालतं आपल्या पायांनी.
दुसरे उखडले : गृहीतं पुरे झाली,
नाणं उडवा, मोजा, नाणं खोटं बोलत नाही.
दोघेही टाळ्या घेऊन बसले.
मग नैरोबीच्या वाइरेगीबाई उठल्या,
चष्मा हातात, आवाज न चढवता :
नाणं कुणाच्या खिशातलं आहे?
आणि गरिबी मोजायची तर
नेहमी गरिबाच्याच घरी का जाता?
कुणीतरी घड्याळाकडे बघितलं.
कुणीतरी बिस्किटांची बशी पुढे सरकवली.

आज एकशे सातमध्ये छत नवं दिसतंय.
नवं म्हणजे जुनंच, गंजलेलं, भोकांना डांबर लावलेलं.
कुठून आले पत्रे?
सालिने शेंगा सोलत राहते.
पैसे आल्यापासून तीन महिने ती नि दोरिना
चर्चमध्ये एका बाकावर बसल्या नव्हत्या.
कोंबडीवरून भांडण झालं, मग मुलांवरून.
मग एका रात्री दोरिना स्वतःचे उतरवलेले सहा पत्रे
डोक्यावर घेऊन रस्ता ओलांडून आली
आणि ओट्याला टेकवून, एक शब्द न बोलता, परत गेली.

फोनवर वरिष्ठ म्हणाले, ही गळती.
नमुना दूषित झाला.
एकशे सात वगळ.
मी म्हटलं, सर, गळती तर उलट थांबलीय.
त्यांना विनोद कळला नाही. मलाही उशिराच कळला.

'दर घरामागे तुला किती मिळतात?'
हा प्रश्न तीनशे बारांत नाही.
मी खरा आकडा सांगितला.
तिने बोटांवर हिशेब केला, ओठ हलवत,
आणि विचारलं,
'मग तू रस्त्याच्या कुठल्या बाजूचा?'
मी टॅबलेटवर पर्याय शोधत राहिलो.
'इतर' होता. त्यापुढे जागा होती बारा अक्षरांची.

निघताना तिने उकडलेल्या शेंगा
वर्तमानपत्रात बांधून दिल्या.
'हे लिहू नकोस.'
नाही लिहिलं.
मोटरसायकलची वाट बघताना, झाडाखाली,
एकेक सोलून तोंडात टाकली.
दाणे मोजले मात्र.
सवय.